सारजाच्या घराचा अर्ज आणि मी

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे आणि तीन वर्षं पोलिसांच्या मुद्देमालात काढून आलो आहे. मी चोरी केली नव्हती, मित्रांनो! एक अर्ज लिहिला होता. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पुण्याच्या दुकानातून आबाजींनी मला विकत घेतलं आणि एसटीच्या टपावरून इंदापूरला आणलं. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली त्यांचं टेबल होतं. आबाजी परवाना असलेले अर्जनवीस. रेशनकार्ड, सातबारा, वारसनोंद. लोक सांगत आणि आम्ही लिहीत असू. दर शनिवारी ते मला ब्रशनं झाडत, तेल देत. माझ्या ठसठशीत अक्षरांचं कचेरीतले कारकूनसुद्धा कौतुक करत. अर्जाच्या तळाशी ‘हस्ते’ लिहून अर्जनवीसानं आपलं नाव घालायचं, अशी तिथली रीत होती.

१९९४ साली शेळगावची सारजा आली. नवऱ्यानं टेम्पोसाठी पतसंस्थेकडं घर गहाण टाकलं होतं. अपघातात टेम्पो गेला, नवराही गेला. आता घराचा लिलाव आठवड्यावर आला होता.

“गावात दवंडी कधी पिटली?” आबाजींनी विचारलं.

“न्हाय पिटली, आबा. दाराला कागद चिकटवला अन् गेले निघून.”

“मग हा लिलाव कायद्यात बसत न्हाय. हरकत घे. मी लिहितो.”

धोका इथंच होता. लोक सांगतील ते लिहायला परवाना पुरतो, पण कायद्याचा सल्ला द्यायला वकिलाची सनद लागते. शेजारच्या टेबलावरचे जोतीराम हळूच म्हणाले, “आबा, निदान हस्ते घालू नका. अंगाशी येईल.”

सारजाही घाबरली. “व्हय आबा, माझ्यापायी तुमाला कशाला घोर?”

“ही काय निनावी चिठ्ठी हाय?” असं म्हणून आबाजींनी आपलं नाव इतक्या जोरात ठोकलं की कागदाला भोक पडलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

लिलाव थांबला. मिळालेल्या मुदतीत टेम्पोच्या विम्याचे अडकलेले पैसे आले आणि सारजाचं घर सुटलं. पण पतसंस्था चवताळली. सनद नसताना वकिली केली, म्हणून आबाजींवर खटला भरला आणि पुरावा म्हणून मला उचललं. ‘बाईनं सांगितलं ते लिहिलं, एवढंच म्हणा,’ असं सगळ्यांनी आबाजींना पढवलं होतं. कोर्टात ते म्हणाले, “बाईनं दवंडी झाली न्हाय एवढंच सांगितलं. पुढचं कायद्याचं सगळं माझं.” दंड झाला, परवानाही गेला.

मी मात्र अंधाऱ्या खोलीत गंजत पडलो. पालीनं माझ्या कळांमध्ये अंडी घातली. कुणी विचारपूस केली नाही, याचा मला राग येई. आणि का येऊ नये?

सुटलो तेव्हा आबाजींनी मला थेट सारजाच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. ती एका बोटानं अक्षरं शोधत शिकली. मग नोटीस आलेली माणसं तिच्याकडं येऊ लागली. ती कुणाचा अर्ज लिहून देत नसे. “स्वतःचा अर्ज स्वतः लिहायला कुणाची सनद लागत न्हाय. बसा, दाबा कळ.”

पिंपळीच्या चौथी शिकलेल्या बानूबाईनं दोन दिवस खपून अर्ज लिहिला. पतसंस्थेच्या वसुली साहेबानं तो हातात घेऊन दरडावलं, “हे कुणी लिहिलं?”

“म्या लिवलं,” बानूबाई म्हणाली. “का, वाचता येत न्हाय व्हय?”

साहेबानं अर्जावर पोचेचा शिक्का मारला.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला तेल द्या, माझी फीत बदला, पण शोभेची वस्तू म्हणून कपाटात कोंडू नका. तुमच्या गल्लीत कुणाच्या दाराला नोटीस लागली असेल, तर त्याला माझ्यापुढं आणून बसवा.