शिवेवर टाकलेला स्टो

रंभा सकाळपासून फुंकणी घेऊन बसली होती आणि चूल दावा मांडल्यासारखी नुसती धुमसत होती. पोळा होऊन गेला तरी पावसाने पिच्छा सोडला नव्हता. लाकडं भिजलेली, गोवऱ्यांना बुरशी आलेली. एरवी तिने पावसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, पण आज तिचं सारं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. आत तिची सून मनकर्णा तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोर तापाने फणफणलं होतं आणि कालपासून त्याने रडणंही सोडलं होतं. त्याच्या रडण्याने वैतागणारी रंभा आता त्याच्या गप्प राहण्याने अर्धी झाली होती.

"पीत नाई जी आत्याबाई," मनकर्णा आतून म्हणाली.

"तोंडाले लावत राह्य. लटारू येतेच आता औषध घेऊन."

लटारू इतक्यात येणार नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. अहेरीच्या दवाखान्यात गेलेला रंभाचा तो मुलगा नाल्याच्या पुराने पलीकडेच अडकला होता. गावात मात्र तिने तो बाजाराला गेल्याचं सांगितलं होतं. पोराला ताप आहे याचा तिने शेजारणीलाही पत्ता लागू दिला नव्हता.

तेवढ्यात दवंडी पिटत आलेला पत्रू कोतवाल दाराशी थांबला.

"रंभाबाई, आयकलं का? गावात ताप घुसला. मारबतीचं सामान कोणीतरी घरात आणून ठेवलं, म्हन्ते पाटील. दुपारी घरोघर झडती हाये."

"अन् सापडलं तं?"

"तं ते घर गावाबाहेर. त्याइले विहीर बंद, विस्तव बंद." पत्रूने वाकून आत पाहिलं. "तुमच्या घरी सारे बरे हायेत ना?"

"बरे हायेत. आमाले काय धाड भरली?"

पत्रू पुढे गेला. रंभाने आधी दार लोटून घेतलं, कारण मारबतीचं सामान तिच्याच धानाच्या ढोलीत पुरलेलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव मारबतीचा पुतळा घेऊन शिवेवर जातं. फुटकं मडकं, झिजलेला खराटा, मोडकी टोपली, घरातलं जे जे निकामी झालं ते तिच्या मागे न्यायचं. "खासी, खोकला, इडा, पीडा घेऊन जा गे मारबत," असं ओरडत ते मोहाच्या झाडाखाली टाकायचं आणि मागे न बघता घरी यायचं. वर्षाची सारी रोगराई त्या सामानाला चिकटून जाते. मग त्याला हात लावायची कोणाची छाती होणार?

पण यंदा पाटलाच्या घरून पितळेचा स्टो आला होता. अख्ख्या गावात तेवढा एकच स्टो. तो एकदा भडकला, पाटलाच्या सुनेचा पदर जळता जळता वाचला, म्हणून पाटलिणीने तो टाकून दिला. रंभाने मागे वळून पाहिलं, तर तो पावसात असा चमकत होता की तिचा जीव त्याच्यातच अडकला. घरी बाळंतीण, चुलीच्या धुराने तान्हं खोकून खोकून निळं पडायचं. दुपारी गवताच्या भाऱ्यात दडवून तिने तो आणला. लटारू पूर्वी डाकबंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली होता, त्याने पिन घालून तो साफ केला. स्टो फर्रकन पेटला, धुराचं नाव नाही. त्याच्यावर तापवलेल्या पाण्याने पोराला न्हाऊ घातलं आणि त्याच रात्री पोराचं अंग तापलं.

"आत्याबाई, नेऊन टाका तो इस्टो," मनकर्णा रडत म्हणाली. "मले लय भेव वाटते."

रंभाने टोपलीत स्टो ठेवला, वर शेण थापलं आणि टोपली डोक्यावर घेतली. चावडीवरून जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि नेमके गुणवंतराव पाटील तिथेच पंचांना घेऊन बसलेले.

"रंभाबाई, थांबा जराक. घासलेटचा वास काऊन येऊन राह्यला?"

रंभाने टोपली आणखी घट्ट धरली. पदर सारखा करायला हात काढावा, तर ती डगडगेल.

"कंदील सांडला जी लुगड्यावर."

"जपत जा. दुपारी येतो आमी तुमच्याकडं."

ती कशी चालत राहिली, तिचं तिलाच ठाऊक. शिवेवर पोचून तिने टोपली उतरवली, तर मोहाच्या खोडामागे कोणीतरी दबकून बसलेलं. आपलं आता संपलं, असंच तिला वाटलं. पण ते माणूस तिच्याहून जास्त घाबरलेलं होतं. ती पाटलीण गुणाबाई होती आणि पदराखाली तिने एक सूप धरलं होतं.

ते सूप रंभाने ओळखलं. काठाला लाल चिंधी बांधलेलं ते तिच्याच घरचं. जन्मल्यावर नातवाला पहिल्यांदा निजवलं ते याच सुपात. पुढे उंदरांनी कुरतडलं म्हणून तिने मारबतीला टाकलं होतं.

"रंभे, माह्या सुनेची कूस उजवत नाई," गुणाबाई हात जोडून म्हणाली. "तुह्या घरी पोरगा झाला. वाटलं, त्याचं सूप तिच्या उशाशी ठेवावं. अन् आता तिले ओकाऱ्या लागल्या. पटकी आणली वं म्या घरात. मालकाले सांगू नको."

"ढाळ हाये का?"

"नाई."

"ताप?"

"तोही नाई. सकाळी ओकते अन् दिवसभर चिंचा मागते."

रंभा तिच्याकडे बघतच राहिली. "बाई, या महिन्यात ती बाहेर बसली का?"

गुणाबाईने बोटांवर दिवस मोजले. मग ती ओल्या मातीतच फतकल मारून बसली आणि सूप पोटाशी धरून हसायला लागली. त्या हसण्याने रंभाला हेवा वाटला, राग आला आणि भीतीही वाटली.

"टाकत नाई आता हे," गुणाबाई म्हणाली आणि मग तिची नजर शेणातून डोकावणाऱ्या पितळेवर गेली. "तू इस्टो नेला होता तं?"

"झडतीच्या भेवानं परत आणला."

"पेटते का आता?"

"पेटते. धूर नाई येत," रंभा म्हणून गेली. पोराच्या तापाचं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण हिने पाटलाच्या कानावर घातलं तर? तिने ओठ मिटले.

"जाय तू. मांगं पाहू नको," गुणाबाई म्हणाली.

रंभाने स्टो झाडाखाली ठेवला आणि निघाली. थोडं पुढे जाते न जाते तोच मागे पितळ खणखणलं. कोणी उचललं हे कळायला वळून पाहायची गरज नव्हती. सून पोटुशी आहे, तिला बिनधुराचं गरम पाणी हवं. आणि पाटलाच्या घराची झडती कोण घेणार? नातवाच्या आशेने पाटीलही डोळेझाक करतील. बाई, त्याले हात लावू नका, एवढे चार शब्द बोलायचे होते. रंभाने दात आवळले आणि मनातल्या मनात म्हणाली, घेऊन जा. इडा, पीडा, सारं घेऊन जा.

घरी आली, तर अंगणातच पोराचं रडणं कानावर आलं. मनकर्णा धावत बाहेर आली. "घाम आला जी त्याले. ताप उतरला. प्यायला बी."

रंभाने पोराला छातीशी धरलं. दुपारी झडतीवाले आले, ढोलीत हात घालून धान चाळून गेले, त्यांना काही सापडलं नाही. पाटील तर पोराला पाहून म्हणाले, "गुणी हाये नातू."

संध्याकाळी ओल्या लाकडांचा धूर घरभर झाला आणि पोर खोकायला लागलं. मनकर्णा त्याला थोपटत हसत होती. रंभा दारात बसली होती. पाटलाच्या घराकडून स्टोचा फर्रर्र आवाज येत होता, आणि त्याच्यामागून कोणाचं कण्हणं ऐकू येतं का, म्हणून ती कान देऊन राहिली.