उन्हातला कान

मोटारसायकलच्या अपघातात दीपमालाचा डावा कान गेला. मिरजेच्या दवाखान्यात कृत्रिम अवयव बनवणाऱ्या अश्फाकनं तिला सिलिकॉनचा नवा करून दिला. आरशात दोन्ही कान सारखेच दिसायचे. सासू हरणाबाईनं तर बोटानं चाचपून म्हटलं, "देवानं दिल्यावानीच हाय की!"

दीपमाला शिराळ्याच्या मैदानावर पोलीस भरतीच्या मुलींकडून पळण्याचा सराव करून घेते. एका सकाळी मुलींनी तिचा फोटो काढला. सूर्य तिच्या पाठीशी होता. फोटोत उजवा कान जास्वंदीसारखा लाल पेटला होता आणि डावा नुसता खडू. फोटो तिला दाखवता दाखवता मुलींनी घाईनं मोबाईल मागं घेतला. तिला तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन ती मिरजेत हजर झाली. अश्फाकनं कान काढून खिडकीशी धरला.

"ताई, खऱ्या कानात ऊन आत शिरतं, मांसात भटकतं आणि रक्ताचा रंग घेऊन बाहेर पडतं. यात मी पांढरी पूड जास्त घातलीय. ती उजेडाला दारातूनच माघारी लावते."

"मग कमी घाला."

"कमी घातली तर जवळून खालचा व्रण दिसेल. नुसती बुडाशी, व्रणापुरती ठेवली, तर तिथं दोन रंगांची रेघ दिसेल."

"न्हाई, न्हाई!" हरणाबाई मध्येच म्हणाली. "धाकट्याची हळद तोंडावर आलीया. समदी भावकी जवळ बसणार. मैदानात कोण बघतंय?"

"आत्या, हळद एक दिवसाची. मैदानात मी रोज असते."

"व्रण न्हाईतर रेघ दिसली तर इचारतील की गं."

"विचारू देत. पडले, उठले, असं सांगीन. कानाला खडू का लावला म्हणून कुणी विचारलं, तर काय सांगू?" ती अश्फाककडे वळली. "रेघ दिसू दे. वरचा कान उन्हात पेटला पाहिजे."

अश्फाकनं पूड बुडाशीच ठेवली, वर पातळ थर दिले आणि मध्ये लाल धाग्यांचा बारीक चुरा पेरला.

हळदीदिवशी दीपमालानं केस मुद्दाम वर बांधले. अंगणात भावकीतली एक बाई पार कानाशी तोंड नेऊन पुटपुटली, "आगं बाई, हितं रेघ दिसतीया."

दीपमाला उत्तर द्यायला वळली, तोवर हरणाबाईनं त्या बाईला दंडाला धरून मागं ओढलं होतं.

"एवढ्या जवळनं काय बघतीस? तिकडं हुबी ऱ्हा, उन्हाकडं तोंड करून. आन् आता बघ."