चौदावी खुर्ची

मी बोलतेय. दोरीवरून असं वाकून बघू नका, आवाज माझाच आहे. थॉर्नहे हॉलच्या या जेवणघरात, टेबलाच्या खालच्या टोकाला जी जराशी वेगळ्या रंगाची खुर्ची दिसते ना, तीच मी. माझ्या बैठकीवर पाइनचं एक सुकं बोंड ठेवलंय. कुणी बसू नये म्हणून.

माझ्या तेरा बहिणी लंडनहून आल्या, अस्सल महोगनीच्या. मी गावच्या सुताराच्या हातची, बीच नावाच्या साध्या लाकडाची. वरून रंग फासून मला त्यांच्यात खपवलं. त्याला कारण झालं एका नाताळचं जेवण. त्या दिवशी टेबलावर नेमके तेरा जण बसले आणि कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तेरा जणांतला जो पहिला उठतो तो वर्षाच्या आत जातो, असं ही माणसं मानतात. पहिले उठले या घराच्या थोरल्या बाईसाहेबांचे भाऊ. पुढच्याच शिकारीत घोड्यावरून पडले आणि गेले. बाईसाहेबांनी डोळे पुसले आणि सुताराला बोलावणं धाडलं.

खुर्ची झाली, पण तिच्यावर बसायला माणूस नको? ऐन वेळी चौदावा पाहुणा आणायचा कुठून? तेव्हा एक माणूस घरातच हाताशी ठेवावं असं ठरलं. ते माणूस म्हणजे युफेमिया पेल, घरातली एफी. बाईसाहेबांचा नातू सर ऑब्री, त्याची ही पोरकी मावसबहीण. तिची खोली पार वर, माळ्याला लागून. तिचं जेवणही ट्रेमधून वरच जायचं. खाली तेरा भरले की पिंचन बटलर धापा टाकत जिना चढायचा आणि दार वाजवायचा.

"मिस एफी, आज तेरा आहेत."

बस, एवढंच. जेवायला चला, असं कुणी म्हणत नसे. मग ती तिचा एकुलता एक करडा रेशमी पोशाख घालून खाली यायची आणि माझ्यावर अंग चोरून बसायची. शेजारचा पाहुणा हवापाण्याचं एखादं वाक्य टाकून पाठ फिरवायचा. ती आपली टेबलाखाली माझ्या कडेवरून बोटं फिरवत राहायची. माझा तिथला रंग उडालाय तो तिच्याच बोटांनी. खरं सांगते, मला तिचा राग यायचा. बाई गं, कधीतरी तोंड उघड की!

दुसरं महायुद्ध संपलं. नोकर पांगले, छप्पर गळायला लागलं. सर ऑब्री आणि त्याची बायको लेडी सिबिल यांनी हे घर सामानासकट जुनी घरं जपणाऱ्या एका संस्थेच्या हवाली करायचं आणि आपण लंडनच्या फ्लॅटमध्ये राहायचं ठरवलं. पिंचन समुद्राकाठी बहिणीकडे निघाला. कुत्रीसुद्धा एका शेतकऱ्याकडे जायची ठरली. एफीचं मात्र कुणी नावच काढेना, आणि तिला विचारायचा धीर होईना.

शेवटच्या रविवारी दुपारी निरोपाचं जेवण होतं. तेरा जण येणार म्हणून पिंचनने एफीचं दार वाजवलं. एक सोडून सगळे बसले, सूप वाढलं गेलं, आणि पिंचन लेडी सिबिलच्या कानाशी लागला. "कर्नलसाहेबांची गाडी वाटेत बंद पडलीय. ते येत नाहीत."

लेडी सिबिलने नजरेनेच टेबल मोजलं. एफीला धरून तेरा! कुजबुज पसरली आणि एकेक करत सगळे डोळे माझ्याकडे, म्हणजे एफीकडे वळले.

"एफी, राणी, तू वर जातेस का? तुझं ताट पाठवते हं मी."

यांना सगळ्यांना जगायचं होतं, आणि त्यासाठी हिने पहिलं उठायचं होतं. एफीने चमचा खाली ठेवला. तिची बोटं माझ्या कडेवर घट्ट रुतली.

"आधी मला सांग सिबिल, लंडनला माझी खोली कुठली?"

"आत्ता काढायचा विषय आहे का हा? पाहुण्यांसमोर?"

"पाहुणे नसतात तेव्हा मला खाली बोलावतं कोण?"

सर ऑब्रीने घसा खाकरला. "अगं, तो फ्लॅट म्हणजे काड्यापेटी आहे नुसती. पण मी पाद्रीसाहेबांशी बोलून ठेवलंय. म्हाताऱ्या बायकांसाठी चर्चच्या खोल्या आहेत ना, तिथली एक होईल रिकामी. तिथली मिसेस गॅमन आता काही फार दिवस काढायची नाही."

"मग मी नाही उठत," एफी म्हणाली.

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मला हात कुठले! पुडिंग संपलं, चीज संपलं, कॉफी गार झाली. एकही जण जागचा हलेना. एक जाडजूड गृहस्थ तर बराच वेळ कासावीस होऊन चुळबुळत होते, शेवटी तेच ओरडले, "सगळे एकदम उठू या! एक, दोन, तीन!"

खुर्च्या धाडकन मागे सरकल्या. एफी तेवढी बसून राहिली.

"ऊठ आता," सर ऑब्री म्हणाला. "धोका टळला."

"कुणाचा?" तिने विचारलं.

सगळे पलीकडच्या खोलीत निघून गेले. पिंचनने तिच्यापुढे गरम कॉफी आणून ठेवली. ती सावकाश प्यायली आणि मग आपणहून उठली.

वर्ष उलटलं. त्या टेबलावरचं कुणीही मेलं नाही. गेली ती मिसेस गॅमन, आणि ती जेवायला नव्हतीच. तिची खोली एफीला मिळाली.

आता इथे लोक घर बघायला येतात. टेबल कायम चौदा जणांसाठी मांडलेलं असतं. माहिती सांगणारी मुलगी रोज म्हणते, "असं हे चौदा जणांचं हसतंखेळतं कुटुंब इथे एकत्र जेवायचं." एकदा हे ऐकून घोळक्यातली एक म्हातारी खुदकन हसली. काठी टेकत ती दोरीखालून आत आली, बोंड उचललं आणि माझ्यावर बसली. बोटं बरोबर त्याच जागी गेली.

"मॅडम, तिथे बसायचं नसतं!"

"का? आज तेरा आहेत?"

"अहो, टेबलावर तर कुणीच नाही."

"मग बसू दे मला," एफी म्हणाली. "आज पहिल्यांदाच माझी मी आलेय."

त्यानंतर ती आली नाही. बोंड पुन्हा माझ्या बैठकीवर आलं. तुमच्याही घरात माळ्याजवळच्या खोलीत कुणी असेल, तर माझं एक ऐका. तिचं दार वाजवाल तेव्हा आज किती जण आहेत ते सांगू नका. नुसतं म्हणा, जेवायला चल.