दसऱ्याला आणलेली डबी

आमचे हे, म्हणजे जगदीश, तसे गरीब माणूस. पण देवाधर्माचं म्हटलं की कुणाचं ऐकायचे नाय. माझं तर नायच नाय.

किन्हवलीत एस.टी. स्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ. फोटो हे काढतात, कॉम्प्युटरवर अल्बम मी जुळवते. दोन हजार आठ सालची गोष्ट सांगते. रोलचा जमाना संपला होता, लग्नंच्या लग्नं कॉम्प्युटरमध्ये साठायची. आमच्याकडची माणसं वैशाखात लग्न लावतात आणि अल्बम न्यायला येतात भात झोडून झाल्यावर. तोवर सगळे नवरानवरी माझ्याच कॉम्प्युटरमध्ये नांदायचे.

म्हणून मी बाहेरून जोडायची एक हार्डडिस्क घेतली होती. आमी तिला डबी म्हणायचो. सगळ्या फोटोंची दुसरी प्रत डबीत, आणि डबी दुकानात ठेवायची नाय. ती आटगावला माझ्या आईकडे, माळ्यावर, बियाण्याच्या भाताशेजारी. दुकान जळो नायतर चोरी होवो, फोटो राहिले पायजेत. हे दोस्तांना सांगायचे, "आमच्या बायकोनं गिऱ्हाइकं माहेरी नेऊन ठेवलीत." हसा म्हटलं, हसायला काय जातंय!

दसऱ्याच्या आधीच्या बाजाराला गिरजाकाकी आली. डोंगराखालच्या पाड्यावरची. तिच्या लेकीच्या, रविनाच्या लग्नाचे फोटो आमीच काढले होते, आणि भादव्यात तिचा नवरा धाकलूमामा तापानं गेला. मला बघितल्यावर ती आधी रडली, मग कामाचं बोलली.

"त्यांचा तो हसलेला फोटो मोठा करून दे गो. रविना दिवाळसणाला येल. तिला भितीवर बाप दिसला पायजे."

तो फोटो मला बरोबर ठाऊक होता. मांडवात धाकलूमामा कॅमेऱ्यासमोर असा ताठ उभा राहिला, हात अंगाला चिकटवून, डोळे वटारून. तेव्हा हे ओरडले, "मामा, गोळी नाय मारत, फोटो काढतोय!" अख्खा मांडव हसला, आणि सगळ्यात जास्त मामाच. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. मतदान कार्डावर होता, पण तो आपला का शेजाऱ्याचा, ते खुद्द मामालाही सांगता आलं नसतं.

"दसरा झाला की लगेच देते, काकी," मी म्हटलं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. कुणाचा कोयता, कुणाचा नांगर, आमचा कॅमेरा. मी निवेदाचं ताट घेऊन दुकानात गेले आणि बघते तर काय! कॅमेरा, फ्लॅश, प्रिंटर सगळे हळदीकुंकू लावून बसलेले. कॉम्प्युटर चालू, पडद्यावर गणपती. आणि त्याच्यापुढं डबी! वायर जोडलेली, डोक्यावर झेंडूचं फूल, निळी बत्ती लुकलुकतेय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, ही हितं कशी?"

"सकाळी फुलं आणायला आटगावला गेलो, येताना आणली. बिचारी वर्षभर अंधारात पडलेली असते. आपल्या पोटाला तीपण देते ना? एक दिवस पूजेला बसली तर काय बिघडलं?"

"बसवा की! पण जोडलीत कशाला?"

"बत्ती पेटायला नको? मेल्यासारखी ठेवायची काय देवापुढं?"

आता या माणसाला काय बोलायचं! सणाचा दिवस, तोंडातोंडी नको, म्हणून मी निवेद दाखवला.

दुसऱ्या दिवशी धाकलूमामाचा फोटो उघडायला बसले, तर उघडेना. दुसरा उघडेना, तिसरा उघडेना. प्रत्येक फोटोच्या नावाला मागं एक भलतंच शेपूट लागलेलं. आणि पडद्याच्या मधोमध इंग्रजीत एक चिठ्ठी. तुमच्या फायलींना आमी कुलूप लावलंय, किल्ली पायजे तर या पत्त्यावर मेल करा, पैसे पाठवा. मी डबी उघडली. डबीतही तेच. दिवसभर ती बत्ती देवापुढं लुकलुकत होती ना, तेव्हा आतून एकेका फोटोला कुलूप लागत होतं.

शहापूरचा आदेश कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्याला बोलावलं. तो म्हणाला, बॅनर छापायला मंडळाचा पेन ड्राइव्ह आला होता, त्यातून हा व्हायरस आला असणार.

"नुसता कॉम्प्युटर गेला असता ना वहिनी, तर डबीतून सगळं परत भरलं असतं. जोडलेली होती म्हणून तीपण गेली. हे कुलूप माझ्याच्यानं तुटणार नाय."

हे भिंतीला टेकून खाली बसले. "पैसे देऊन टाकू. कॅमेरा विकतो."

"चोराला द्यायला कॅमेरा विकता? आणि उद्या त्यानं परत मागितले तर काय, मला विकाल?" अशी ओरडले की बाहेर एस.टी.ची वाट बघणारे लोक डोकावले. पण रात्रभर धाकलूमामाचं ते हसणं डोळ्यांपुढनं हलेना. सकाळी मीच शहापूरला गेले, सायबर कॅफेत बसून त्या मेल्याला मेल लिहिली. किती पायजेत सांग, म्हटलं. मेल तशीच परत आली. तो पत्ताच बंद झालेला. घ्या! आमी लुटून घ्यायला तयार, तर लुटारूच जागेवर नाय.

कॅमेऱ्याचं कार्ड तर कधीच पुसून पुढच्या लग्नाला वापरलेलं. मग रविनाच्या नवऱ्याकडच्या पोरांचे मोबाइल बघितले. त्यांत डीजे होता, नाचणारे होते, धाकलूमामा कुठंच नव्हता.

"काकीला सांगू, मशीन बिघडलंय," हे म्हणाले.

"आणि दिवाळीला काय सांगाल? उठा. कॅमेरा घ्या गळ्यात, तुमचा काय भरवसा, माझ्या नजरेआड झाला की विकाल. आणि चला."

गिरजाकाकी अंगणात भाताचे भारे रचत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाय. हे नुसते मान खाली घालून उभे. काकी भाऱ्यावर बसली.

"चोराला काय मिळाला गो त्याच्यातून?"

"काही नाय काकी. पैसेपण नाय घेतले."

"मग नेला कशाला?"

मला रडूच कोसळलं. काकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि उठून घरात गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. लावलंच असतं तर मी काय म्हणणार होते?

ती बाहेर आली तेव्हा रविनाच्या लग्नातलं लुगडं नेसली होती. कपाळ मोकळं. कुडाच्या भितीला पाठ लावून उभी राहिली, हात अंगाला चिकटवून.

"माझा काढ रे जगदीश. पोरीला बाप नाय मिळाला, आय तरी मिळू दे. आनि दोन काढ. एक हितं राहील, एक ती सासरी नेल. एका घरी ठेवू नको."

ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पुन्हा खाली घेतला, पुसला, पुन्हा लावला. जन्मभर सगळ्या गावाला हसवणारा माणूस, आणि आज बटणच दाबेना.

काकीच म्हणाली, "म्हन ना. त्यांना म्हनला होतास तसा."

"काकी," हे म्हणाले, "गोळी नाय मारत."

आणि गिरजाकाकी हसली.