तात्यांची किल्ली

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. मला पडदा नाही, कळफलक नाही. लांबून पाहणाऱ्याला मी फरसाणाचा काळा डबा वाटावा. माझी उमेदीची वर्षे लोअर परळच्या एका गारेगार कचेरीत गेली. तिथे मला एकच शिकवण होती : कोणी कशात बदल केला की नवे जपायचे, जुनेही जपायचे आणि काय बदलले ते विसरायचे नाही. पुढे माझ्याहून चपळ यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. तिथेच नोकरी करणाऱ्या हितेंद्रने साहेबांची परवानगी काढली, मला टॅक्सीच्या डिकीत ठेवले आणि वरळीला, आपल्या बीडीडी चाळीत आणले.

नव्या इमारतीसाठी चाळ लवकरच पाडली जाणार होती. त्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि तिथल्या माणसांच्या आठवणी एकत्र जपाव्यात, असे चाळीच्या मंडळाने ठरवले होते. ते सारे माझ्या पोटात राहणार होते. मंडळाच्या खोलीत, ढोल-ताशांच्या शेजारी मला स्टुलावर बसवून चाळीतल्या कमळाबाईंनी हळदकुंकू वाहिले. इतका मान मला त्या गार कचेरीत कधी लाभला नव्हता.

मंडळाच्या खोलीची किल्ली कमळाबाईंच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असे. ज्याला हवी त्याने घ्यावी. त्याच रीतीने माझ्यासाठीही सर्वांत मिळून एकच नाव ठरले, ‘मंडळ’, आणि एकच पासवर्ड. तो कोणी विसरू नये म्हणून तात्यांनी चाळीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहून टाकला. तात्या मंडळाचे जुने चिटणीस. आधीची सूचना ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून नवी सुवाच्य अक्षरांत लिहिणे, हे त्यांचे आयुष्यभराचे व्रत.

हितेंद्रने कपाळाला हात लावला. “अहो तात्या, पासवर्ड आहे तो! पाण्याची वेळ आहे काय?”

“घरातल्यांपासून काय लपवायचं रे? आपल्या चाळीत दिवसा कधी दाराला कडी असते?”

हितेंद्र हसला आणि ते तसेच राहिले.

कमळाबाईंच्या शेजारच्या बिऱ्हाडातली मनवा कॉलेजातून आली की मोबाइल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरे. तिने काढलेले फोटो मंडळाच्या संगणकावर जमत आणि ज्याला सवड असेल तो ते माझ्याकडे चढवी. एके दिवशी कमळाबाई आपल्या खोलीचे पान पाहायला आल्या. तिथे त्यांच्या यजमानांचा, शामरावांचा फोटो असायचा : उंबऱ्यात बसून भजनाच्या पेटीचा भाता दुरुस्त करणारे शामराव. ते जाऊन फार दिवस झाले नव्हते. आता त्या जागी सामानाची बांधाबांध झालेल्या, ओक्याबोक्या खोलीचा मनवाने काढलेला नवा फोटो होता.

“काय गो, ह्यांना काढून टाकलंस?” कमळाबाईंनी तिथेच बसलेल्या मनवाला विचारले. “सामानापेक्षा जड झाले ते तुला?”

“काकू, फोटो मी काढलाय. पण चढवला नाही, शप्पथ!”

“मग काय आपोआप गेला?”

हितेंद्रने मला विचारले. जुना फोटो मी लगेच परत दिला. तो कधी बदलला, तेही सांगितले. मग त्याने विचारले, कोणी? मित्रांनो, माझ्यापाशी एकच उत्तर होते : ‘मंडळ’. सगळे लक्षात ठेवणाऱ्या मला नेमके माणूस ठाऊक नव्हते. फोटो परत आला. मनवा आली नाही. तिच्यावाचून मंडळाची खोली मला फार मोठी वाटू लागली.

तेव्हा हितेंद्रने तो पासवर्ड रद्द केला. प्रत्येकाचे वेगळे खाते उघडले आणि प्रत्येकासाठी जोडीची किल्ली घडवली. एक अर्धी त्या माणसाच्या संगणकात, तिची जोडीदार माझ्याकडे. दोन्ही जुळल्या तरच मी दार उघडायचे. पाहण्याची मुभा साऱ्यांना, बदल करण्याची मोजक्यांना. आणि केलेला बदल दुसऱ्या कोणी पाहून होकार दिल्यावाचून मुख्य प्रतीत जाणार नाही.

तात्या रुसले. “म्हणजे आता आम्ही परके?”

“दार बंद नाही केलं, तात्या. आत कोण आलं एवढंच विचारतोय. ती पोरगी घरात रडत बसलीय.”

दुसऱ्या दिवशी स्वतःची किल्ली मागायला तात्याच पहिले आले.

थोड्याच दिवसांत चाळीच्या व्यायामशाळेच्या पानाचा एक बदल होकारासाठी आला. नवा फोटो आला होता आणि जुना काढून टाकला होता, अगदी शामरावांसारखाच. हितेंद्रने विचारले, कोणी? आयुष्यात प्रथमच मला माणसाचे नाव सांगता आले : तात्या.

“अरे, नवं लावायचं तर आधी जुनं पुसायला नको?” तात्या भाबडेपणाने म्हणाले. मग त्यांचे त्यांनाच काही उमगले असावे. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले.

संध्याकाळी ते कमळाबाईंना घेऊन मनवाच्या दारात गेले. परतताना तिघे मंडळाच्या खोलीत आले.

“फळा पुसायचा हात माझा,” तात्या म्हणाले, “आणि बोल तुला लागले, पोरी.”

“बस गो इथे,” कमळाबाई मनवाला म्हणाल्या. “आता शिकव ह्या म्हाताऱ्याला. आणि पहिले ते फडकं काढून घे त्याच्याकडचं!”

मनवा हसली. माझा पंखा त्या दिवशी जरा जोरानेच फिरला असेल.

आता चाळ नाही. नव्या इमारतीच्या कचेरीत, कपाटावर मी असतो. फारसे कोणी फिरकत नाही. मनवा अधूनमधून येऊन माझी धूळ पुसते. किल्ल्यांचा कारभार आता तिच्याकडे आहे. मागच्या महिन्यात तात्या गेले. दिवसकार्य आटोपल्यावर हितेंद्रने फोन केला, “मनू, तात्यांचं खातं बंद करायला हवं गं. नियम आहे.”

“किल्ली काढते,” ती म्हणाली. “नाव राहू दे.”

माझ्याकडची ती अर्धी किल्ली तिने हलकेच पुसली.

मित्रांनो, आपली किल्ली आपल्यापाशीच ठेवा. ती साऱ्यांची झाली की दोष कोणाचाही कोणावरही जातो. गेलेल्याचे दार जरूर लावून घ्या, पण त्याच्या हातच्या कामावरचे त्याचे नाव पुसू नका. आणि जमलेच तर माझ्यासारख्यावरची धूळ अधूनमधून झटकत जा.

प्रत्येक बदलासोबत माणसे माझ्याकडे एक ओळ लिहून ठेवतात. तात्यांची शेवटची ओळ मी जपून ठेवली आहे : ‘कमळाबाईंच्या नव्या घराचा फोटो जोडला. शामरावांचा जुना आहे तिथेच आहे.’