त्या दिवशी मी खुर्चीवर होतो

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे आणि मला पाहून लोक हसतात. हसू देत. पडद्याचं गडद निळं कापड, गळ्याला इलॅस्टिक, बाह्या नाहीत, खाली घोट्यापर्यंत घेर. मला गळ्यात अडकवायचं, हात आत घ्यायचे आणि आतल्या आत कपडे बदलायचे. बाहेर दिसतं ते फक्त डोकं. एवढंच माझं काम, आणि ते मी चार वर्षं चोख केलं.

मला हुबळीत, उणकलच्या गोदूबाईंनी शिवलं. त्यांच्या शेजारची दीपश्री बी.कॉम. झाल्यावर मॉडेलिंग करू लागली. मॉडेलिंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं झगमगाट आला असेल. तसलं इथं काही नसतं. साडीच्या दुकानाची जाहिरात, दागिन्यांचं कॅटलॉग, एवढंच. ना कंपनी, ना साहेब. फोन येईल तिकडं जायचं आणि आपली काळजी आपणच घ्यायची. पहिल्याच कामाला तिला गोदामात खोक्यांच्या आड साडी बदलावी लागली, आणि पलीकडून हमाल तीच खोकी उचलत होते. घरी येऊन ती गोदूबाईंच्या शिलाई मशीनपाशी रडत बसली. गोदूबाई कुणाचे डोळे पुसत बसणाऱ्यातल्या नव्हेत.

"रडून काय होतंय गं? उभी राहा, माप घेते," त्या म्हणाल्या. "तुझी खोली आता तूच बरोबर घेऊन जा."

मी म्हणजे तिची ती खोली.

दीपश्रीची तयारी मी पिशवीत पडून बघितली आहे. काम ठरलं की ती सगळं लिहून मागायची. जागा कुठली, कोण कोण असणार, कपडे कसले, फोटो कुठं लागणार. कुणी "ये गं, आल्यावर बघू की" म्हणालं, तर ही म्हणायची, "आधी लिहून पाठवा की." शूटच्या सकाळी घट्ट नाडीचं काही घालायची नाही, कारण अंगावर वळ उठतात आणि कॅमेरा ते सोडत नाही. पाणी घरचं न्यायची. खोलीत शिरली की दिवा बंद करायची आणि मोबाईलच्या उजेडात कोपरे, आरसा, फुलदाण्या बघायची, कुठं काच चमकते का म्हणून. सगळं ठीक निघालं तरी मला घालायचीच.

शिवाय बरोबर आई असायची, अंबूताई. गोकुळ रोडला एका वर्कशॉपच्या मागं बसप्पाण्णांचा स्टुडिओ होता. माणूस कन्नड, त्यामुळं अंबूताईंचा संशय जाता जाईना. तीन वर्षं त्या दारात खुर्ची टाकून बसल्या. "अण्णा, तुमच्या मिसेसचा नंबर द्या बघू," असं तोंडावर मागितलं. अण्णांनी हसत दिला, वर कपडे बदलायच्या खोलीची किल्लीही दीपश्रीच्या हातात ठेवली.

मला नावंही ठेवली गेली. स्मृती नावाची दुसरी मॉडेल ओरडली, "काय गं हे? अमरगोळच्या मार्केटातली गोणी उचलून आणलीस?" पुढच्या महिन्यात तीच गोदूबाईंकडं माप द्यायला आली. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान, मित्रांनो.

मग मुकुल आला. धारवाडचा, हातात महागडा कॅमेरा, जिभेवर शुद्ध मराठी. घरी येऊन अंबूताईंच्या पाया पडला. "काकू, मी बाळाचार्यांचा मुलगा."

"अगं बाई, आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा? आपल्यातलेच की!"

संपलं. इथं आमच्या लोकांची हीच खोड आहे. दिवसभर बाजारात, ऑफिसात कन्नड बोलायचं; मग कुणी मराठीत "काकू" म्हटलं की घराची सगळी दारं सताड उघडायची. बसप्पाण्णांना वीस प्रश्न विचारणाऱ्या बाईनं मुकुलला एक विचारला नाही. चहात साखर किती, एवढंच विचारलं.

"लिहून घेऊ का गं याच्याकडून?" दीपश्रीनं आत येऊन विचारलं.

"त्याच्याकडून काय लिहून घेतीस? वाईट दिसतं ते."

"बरोबर तरी ये."

"त्याची आई खालीच असते म्हणे. मी कशाला?"

शूट मुकुलच्या घरी, वरच्या मजल्यावर. दीपश्रीनं मला पिशवीतून काढलं आणि मुकुल खो खो हसला. "अय्यो, हे काय गोणपाट? आपल्या घरात कशाला लागतंय हे? कडी लाव की आतून!"

ती ओशाळली. मला खुर्चीवर टाकलं. दिवाही बंद केला नाही. ज्यांच्या घरी आलो त्यांच्या खोलीत बॅटरी मारून बघायचं म्हणजे त्यांचा अपमान, असं वाटलं तिला. ती साडी सोडायला लागली आणि मला खुर्चीवरून ते दिसलं. खिडकीच्या फळीवर प्लास्टिकच्या गुलाबांमध्ये एक फोन उभा होता, तिच्याकडं तोंड करून. मला तोंड नाही. असतं तर मी त्या दिवशी सगळं धारवाड गोळा केलं असतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मेकअप करणारी पार्वतक्का पिनांचा डबा घेऊन आली होती. दीपश्रीनं पदर गुंडाळून दार उघडलं. पार्वतक्काचं लक्ष फळीवर गेलं. ती फुलं सकाळपासून बाहेर तिच्या टेबलावर होती, आत कशी आली?

"निंद्र, तंगी!" ती कन्नडात ओरडली. थांब, पोरी. तिनं मला खुर्चीवरून ओढलं, दीपश्रीच्या डोक्यातून खाली सोडलं आणि फोन उचलला. त्यात रेकॉर्डिंग चालूच होतं. तिनं तो मेकअपच्या पेटीत तळाशी टाकला.

"झालं का?" बाहेरून मुकुल.

"झालं की. तुमचंबी झालं," पार्वतक्का म्हणाली.

दीपश्री मला घालूनच रस्त्यावर आली, अर्धी साडी आत कोंबून. लोक बघून हसले.

तिसऱ्या दिवशी बाळाचार्य उणकलला आले. गळ्यात उपरणं, आवाज मऊ. पार्वतक्काची पेटी तेव्हा दीपश्रीच्या कपाटात होती, आणि ते त्यासाठीच आले होते.

"फोन द्या, अंबूताई. मी स्वतः पुसून टाकतो त्यातलं. आपल्या आपल्यात मिटवू. पोराचं आयुष्य आहे."

"आणि माझं?" दीपश्री म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. दोरीवर वाळत असलेल्या माझ्याकडं बघितलं. "ही पोरगी कायम तो झगा घालते, असं ऐकलं. मग त्या दिवशी का नाही घातला?"

अंबूताई खाली मान घालून म्हणाल्या, "तेच विचारते मी तिला तीन दिवस."

मित्रांनो, मला तेव्हा टराटरा फाटून जावंसं वाटलं. जिला झाकायला मला शिवलं, तिलाच ठोकायला मला काढलं होतं.

दीपश्रीनं शांतपणे उत्तर दिलं. "तुमच्या घरी आले होते, म्हणून नाही घातला." मग कपाट उघडून पेटी काढली, पार्वतक्काला फोन करून बोलावलं आणि दोघी पोलीस ठाण्यात गेल्या.

फोनमध्ये आणखी दोन मुलींचे व्हिडिओ निघाले. दोघी मंडळातल्याच. दोघींच्या घरच्यांनी तक्रार द्यायला नकार दिला.

आता खटला चालू आहे. मुकुल जामिनावर सुटलाय आणि मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो तोच काढतो. पार्वतक्काला मंडळातल्या लग्नांची कामं बंद झाली. अंबूताईंनी रागानं मला कापून फरशी पुसायचं फडकं केलं. दीपश्रीला गोदूबाईंनी नवा झगा शिवून दिला. ती कामावर जाते, दिवा बंद करून कोपरे बघते, आणि तारीख आली की कोर्टात उभी राहते. पहिल्या तारखेला मुकुलच्या वकिलानं विचारलं, "झगा का नव्हता घातला?"

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूनं "मला जपा" म्हणायची रीत आहे. मी म्हणत नाही. मी फडकं आहे, मला भिजवा, पिळा. तुम्ही मुली असाल तर तपासल्याशिवाय कुठल्याही खोलीत कपडे बदलू नका. खोली आपल्यातल्या माणसाची असेल तर दोनदा तपासा. पण एखादी तपासायची विसरली, तर तिला माझ्याबद्दल विचारू नका. त्या दिवशी मी खुर्चीवर होतो आणि फोन फुलांत होता. झगा चुकून खुर्चीवर राहू शकतो. फोन आपोआप फुलांत जात नाही.