वळचणीचा कप

कालपर्यंत "ए मालन" म्हणून लांबूनच हाळी देणारा दूध सोसायटीचा चेअरमन आबाराव आज दारात येऊन "मालनबाई, या की आमच्याकडं" म्हणाला. मालनबाईला त्या 'बाई'चाच जास्त राग आला. माणसानं आपली शिवी बदलू नये; निदान ओळखू तरी येते.

भूमच्या एसटीनं तीन अमेरिकन पोरी आल्या होत्या. सोबत दुभाषी म्हणून धाराशिवच्या कॉलेजातले एक मास्तर. बाया, जात, गरिबी-श्रीमंती यांचा अभ्यास करायला त्या महिनाभर गावात राहणार होत्या. त्या आपल्याच घरी उतराव्यात, म्हणून आबारावानं ओसरी सारवून घेतली होती.

"गावात जातपात न्हाय, एवढंच सांगायचं," तो हळूच म्हणाला. "तुझ्या म्हशीला सोसायटीचा कडबा चालू ठिवीन. न्हायतर बघ."

एवढ्यात 'बाई' गळालीसुद्धा.

दुष्काळाचं दुसरं साल. म्हशीच्या बरगड्या वर आलेल्या. मालनबाई गेली. पण पोटात निखारा घेऊन गेली. मागच्या साली दूध घालताना तिचा हात सोसायटीच्या कॅनला लागला, म्हणून याच आबारावानं तिची भरली चरवी भर रस्त्यात पालथी केली होती. तो पांढरा चिखल ती अजून मनात तुडवीत होती.

ओसरीवर पोरी सतरंजीवर बसल्या. मालनबाई पायरीवर. दोघी पोरी गोऱ्यापान. तिसरी, रूथ, आपल्या रानासारखी काळीभोर. आबाराव सांगत होता, मास्तर इंग्रजी करीत होते, "आमच्यात समदे सारखे."

तेवढ्यात त्याची बायको हरणाबाई चहा घेऊन आली. गोऱ्या पोरींना नव्या स्टीलच्या कपात. मग तिनं रूथकडं एकवार पाहिलं, वळचणीला हात घातला, पालथा ठेवलेला कानतुटका कप काढला आणि त्यात वरून चहा ओतला. कुणी सांगितलं नव्हतं. हाताची सवयच तशी.

निळ्या फुलाचा तो कप मालनबाईनं तिथंच ओळखला. तिच्यासमोर काहीच आलं नाही.

रूथनं दुभाष्याला विचारलं, आजीला चहा नाही का?

"ती चहा घेत न्हाय," आबाराव घाईनं म्हणाला.

"घेती की!" मालनबाई उठली. "माझा कप तुझ्या हातात हाय, लेकी. पिऊन झालं की तुझ्याच हातानं धू आन् वळचणीला पालथा घाल. हितली रीतच हाय तशी. मास्तर, जसं हाय तसं सांगा."

मास्तरांनी घाम पुसत सांगितलं. रूथनं कपाकडं पाहिलं, हरणाबाईकडं पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावली, आणि कप हातात घेऊनच मालनबाईमागं पायरी उतरली. बाकीच्या दोघीही उठल्या.

दिवेलागणीला आबाराव बौद्धवाड्यात मालनबाईच्या दारी आला. पोरी आत भाकरी थापायला शिकत होत्या. सगळी आळी आपापल्या दारात उभी.

"मालनबाई, पोरींना परत धाडा. हरणीची चूक झाली, अडाणी बाई. कडबा दुप्पट देतो."

मालनबाईनं चहा केला. निळ्या फुलाच्या त्याच कपात ओतला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. आबाराव कपाकडं बघत राहिला. हात काही पुढं येईना.

"हरणाबाईला नावं ठिवू नका, चेअरमन. तिचा हात खरं बोलला. तुमचा कडबा तुमच्याच दावणीला घाला, माझी म्हस पाला खाईल. पोरी हितंच राहत्याल, आन् तुमच्या वळचणीचं समदं लिहून नेत्याल. आता प्या. न्हाय प्यायचं तर उठा. पर पिलात तर आपल्या हातानं धुवा आन् माझ्या वळचणीला पालथा घाला."